शद्रक गिटारवाले सांभाळतो

नगरकडच्या एका गावात विटा वाहणारा एक भोळा माणूस राहत होता. त्याचं नाव शद्रक. भोळा म्हणजे मनाने चांगला आणि सांगितलेलं ऐकणारा. सांगितलेलं तो कधी विसरतही नसे, आणि सगळी अडचण तिथेच होती.

आठवडाभर तो वीटभट्टीवर असायचा. रविवारी धुतलेला सदरा घालून चर्चमध्ये यायचा, बाकावर बसायचा, आणि आपले हात कुठे ठेवावेत ते त्याला कळायचं नाही. बाकी सगळ्यांना काही ना काही सेवा होती. कोणी दिवे लावायचं, कोणी सतरंज्या घालायचं. शद्रकलाही एखादी सेवा हवी होती. दुसरं तो काही मागत नव्हता.

तशा त्याला दोन सेवा देऊन झाल्या होत्या. आधी घंटा दिली. "सगळी मंडळी येईपर्यंत वाजव," असं पाळकसाहेबांनी सांगितलं. मंडळीतला एक जण लेकीकडे पुण्याला गेला होता. तो मंगळवारी आला, तेव्हा शद्रक थांबला.

मग अर्पणाची थैली दिली. "कोणाला चुकवायचं नाही," असं सांगितलं. त्याने कोणाला चुकवलं नाही. पाळकसाहेब उपदेश करत होते, तिथे वर जाऊन तो थैली पुढे धरून उभा राहिला. पाळकसाहेबांचा खिसा झग्याच्या आत होता. तो सापडेपर्यंत उपदेशाचा धागा हरवला. मंडळी लवकर घरी गेली आणि खूश झाली, पण शद्रकची थैली गेली.

त्या चर्चमध्ये पेटी करुणाबाई वाजवायच्या. गाणारेही त्यांच्याच हाताखाली. पेटी आणि ढोलकी होती तोवर सगळं ठीक चाललं होतं. मग गिटार आल्या. एक रूबेनची, विजेवर चालणारी. एक नथानिएल सरांची, ते शाळेत शिकवायचे. एक सुवार्ताची, ती दवाखान्यात नर्स होती. तिघंही चांगलं वाजवायचे. पण तिघंही पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाजवायचे, आणि एकदम. कोणतं गीत चाललंय ते भिंतीवरच्या पाटीवर लिहिलेला गीतक्रमांक बघून कळायचं. सर म्हणायचे, रूबेनने आवाज कमी करावा. रूबेन म्हणायचा, सरांनी तारा बदलाव्यात. सुवार्ता काही म्हणायची नाही, नुसती जोरात वाजवायची.

"यांना कोणीतरी सांभाळायला पाहिजे," करुणाबाई एकदा म्हणाल्या. "माझे दोन्ही हात पेटीवर असतात."

"माझे मोकळे आहेत, बाई," शद्रक म्हणाला.

करुणाबाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. दुसरं कोणी पुढे येतंय का तेही पाहिलं. कोणी आलं नाही.

"कापणीच्या सणापर्यंत बघते," त्या म्हणाल्या. "सणाला बिशपसाहेब येणार आहेत. तो दिवस नीट पार पडला तर हे काम कायमचं तुझं. नाही तर तू आपला बाकावर बसायचं, आणि पुन्हा कुठली सेवा मागायची नाही. कबूल?"

"कबूल, बाई."

मग त्या तिघांकडे वळल्या. "शद्रक हाताने खुणावेल तसं करायचं. का म्हणून विचारायचं नाही. तुम्ही विचारायला लागता आणि तालीम तिथेच संपते."

तिघांनी मान्य केलं. एकमेकांचं ऐकण्यापेक्षा शद्रकचं ऐकलेलं बरं, असं तिघांनाही वाटलं.

"आणि शद्रक, तू नीट ऐक. तिघं एकदम वाजवतात म्हणून शब्द ऐकू येत नाहीत. तू पाळी लाव. एक जण सुरू झाला की बाकीच्यांना थांबवायचं."

शद्रकने ऐकलं, मान डोलावली आणि ते मनात नीट ठेवून दिलं.

रविवारी त्याने पाळी लावली. पहिलं कडवं रूबेनला, दुसरं सरांना, तिसरं सुवार्ताला. हात वर केला की वाजवायचं, खाली केला की थांबायचं. मंडळीला बऱ्याच वर्षांनी गीताचे शब्द ऐकू आले. एका म्हातारीने शेजारणीला विचारलं, "हे गीत नवीन आहे का गं?"

करुणाबाईंना पेटीमागे हसू आलं.

मग प्रभूची प्रार्थना आली. सगळी मंडळी उभी राहिली आणि मोठ्याने म्हणू लागली. शद्रक दचकला. इथे तर एवढी माणसं एकदम बोलत होती. एक शब्द धड कळत नव्हता. तो पुढे गेला आणि दोन्ही हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"पाळी लावू," तो म्हणाला. "पहिल्या बाकापासून."

पहिल्या बाकावर मंडळीचे पंच दावीदराव होते. त्यांनी घसा साफ करून सुरुवात केली. 'आमची रोजची भाकर' इथपर्यंत आले आणि अडकले. त्यांनी शेजारच्याकडे पाहिलं. शेजारच्याला फक्त आमेन येत होतं, ते त्याने म्हटलं. त्याच्या पलीकडच्याने बुटाची नाडी बांधायला घेतली. असं करत करत तिसऱ्या बाकापर्यंत गेल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की अर्ध्या मंडळीला प्रार्थना येतच नव्हती. इतकी वर्षं शेजारच्याच्या आवाजात ओठ हलवून भागत होतं.

उपासना सुटल्यावर करुणाबाईंनी शद्रकला पायऱ्यांवर गाठलं.

"अरे, प्रार्थना म्हणजे गिटार आहे का? जिथे मंडळी मिळून म्हणते तिथे कोणाला थांबवायचं नाही. उलट जो गप्प बसलाय त्यालाही म्हणायला लावायचं."

"गप्प बसलाय त्यालाही म्हणायला लावायचं," शद्रक म्हणाला. त्याने मान डोलावली आणि तेही मनात नीट ठेवून दिलं.

पुढच्या आठवड्यात अमोस आणि सलोमीचं लग्न होतं. चर्च फुलांनी सजवलं होतं. गिटारवाले वेदीच्या बाजूला बसले होते आणि शद्रक त्यांच्यासमोर. नवरी आत आली तेव्हा सुवार्ताने वाजवलं, इतकं हळुवार की सलोमीच्या आईने डोळे पुसले.

पाळकसाहेबांनी विचारलं, "अमोस, तू सलोमीला आपली पत्नी म्हणून स्वीकारतोस का?"

"होय," अमोस म्हणाला.

शद्रकने गिटारवाल्यांकडे पाहिलं. तिघंही गप्प. सगळी मंडळी जमलेली, आणि हे आपले गप्प बसलेले. त्याने रूबेनकडे हात केला, मग त्याच हाताने स्वतःच्या ओठांकडे दाखवलं.

"होय," रूबेन म्हणाला. त्याचं लक्ष तारेत होतं.

शद्रकने सरांकडे हात केला. सरांना अर्धवट उत्तर चालत नसे. ते उभे राहिले आणि पूर्ण वाक्यात म्हणाले, "होय, मी सलोमीला माझी पत्नी म्हणून स्वीकारतो."

शद्रकने सुवार्ताकडे हात केला. सुवार्ताने त्या हाताकडे पाहिलं, मग नवरीकडे पाहिलं. विचारायचं नाही असं ठरलं होतं. "होय," ती हळूच म्हणाली.

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. सलोमीने डोक्यावरची जाळी वर करून सगळ्या रांगेवरून एकदा नजर फिरवली. अमोस म्हणाला, "साहेब, मी आधी म्हटलं होतं." सरांच्या पत्नी लीलाबाई तिसऱ्या बाकावर होत्या. त्यांनी पर्सची चेन ओढून बंद केली.

"नवी नवरी घरी घेऊन येताना दूध आणा," त्या सरांना म्हणाल्या. "घरातलं संपलंय."

लग्न पुन्हा पहिल्यापासून लावलं. ह्या खेपेला गिटारवाल्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं.

करुणाबाईंनी शद्रकला पुन्हा पायऱ्यांवर गाठलं. "अरे बाबा, नवरा एकच असतो ना? जे काम एकाचं आहे ते एकालाच करू द्यायचं. बाकीच्यांना बाजूला करायचं."

"एकालाच करू द्यायचं. बाकीच्यांना बाजूला करायचं," शद्रक म्हणाला, आणि ते मनात ठेवून देतो न देतो तोच मागच्या अंगणातून जेवणाची हाक आली.

अंगणात पंगत बसली होती. भात वाढून झाला होता आणि सगळे रश्श्याची वाट बघत होते. मटणाच्या रश्श्याचं मोठं पातेलं दोन बांबूंवर ठेवून चौघं जण आणत होते. पुढे नवऱ्याचे मामा आणि दावीदराव, मागे रूबेन आणि सर. शद्रकने बघितलं. पातेलं एकच. म्हणजे काम एकाचं. सगळ्यांत पुढे मामा होते, म्हणजे ते मामांचं.

त्याने रूबेनला आणि सरांना हाताने बाजूला व्हायची खूण केली.

सरांना काहीतरी विचारावंसं वाटलं, पण विचारायचं नव्हतं. त्यांनी बांबू सोडला आणि बाजूला झाले. रूबेनही झाला. मागचे गेले म्हणजे पातेलं टेकलं असेल असं समजून दावीदरावांनीही सोडलं. मामांनी मात्र बांबू शेवटपर्यंत सोडला नाही. त्यांच्या हातात तो नंतरही होता.

त्या दिवशी रस्सा कोणाला वाढावा लागला नाही. तो आपणच ओळीने सगळ्या पंगतीत गेला. कोणाला भाजलं नाही, सगळे वेळेत उठले. फक्त दावीदरावांची एक चप्पल नंतर दुसऱ्या टोकाला सापडली.

करुणाबाई पायऱ्यांवर येऊन बसल्या. त्यांच्या साडीचा काठ पिवळा झाला होता. शद्रक समोर उभा राहिला.

"बाई, बाकावर बसू का?" त्याने विचारलं.

करुणाबाई खरं म्हणजे 'बस' म्हणणार होत्या. पण गिटार आता पाळीने वाजत होत्या, गीताचे शब्द ऐकू येत होते, आणि हा माणूस समोर हात खाली सोडून उभा होता.

"सणापर्यंत म्हटलंय ना मी," त्या म्हणाल्या. "नीट ऐक. मंडळीची वस्तू दोन्ही हातांनी घट्ट धरायची. ज्याची असेल त्याच्या हाती द्यायची, तरी लगेच सोडायची नाही. जागेवर पोचली की मगच सोडायची. आणि ज्याला जास्त गरज, त्याला आधी."

"रस्सा?"

"काहीही," करुणाबाई म्हणाल्या. चुकल्या त्या तिथे.

कापणीचा सण आला. त्या भागात अशी रीत आहे की सणाला प्रत्येक जण आपल्या शेतातलं, परसातलं, गोठ्यातलं काहीतरी आणतो आणि वेदीपुढे ठेवतो. भोपळे, बाजरीची पोती, ऊस, कोंबड्या, अंडी, एखादं करडू. उपासना झाली की चर्चमध्येच त्या सगळ्याचा लिलाव होतो. जो जास्त बोली लावतो तो वस्तू घरी नेतो, आणि पैसे चर्चला जातात.

बिशपसाहेब आले. मंडळीने त्यांना शाल पांघरली आणि वेदीजवळच्या मोठ्या खुर्चीवर बसवलं. डोंगरापलीकडच्या वाडीतली लहानशी मंडळीही टेम्पो करून आली होती. त्यांच्या चर्चमध्ये एकही वाद्य नव्हतं, ते टाळ्यांवर गायचे. गर्दी इतकी झाली की गिटारवाल्यांना बसायला जागा उरली नाही. शद्रकने त्यांना वेदीपुढेच बसवलं. रूबेन भोपळ्यांच्या मागे, सर उसाला टेकून, आणि सुवार्ताच्या पायाशी कोंबड्यांची टोपली.

उपासना इतकी छान झाली की करुणाबाईंचा स्वतःवरच विश्वास बसेना. शद्रकचा हात वर जायचा, खाली यायचा. एक थांबला की दुसरा उचलायचा. प्रार्थनेत कोणाला कोणी अडवलं नाही. बिशपसाहेब मुद्दाम पेटीपाशी आले.

"बाई, गिटार इतक्या समजुतीने वाजताना मी पहिल्यांदाच ऐकल्या. कोणी बसवलं हे?"

"शद्रक बघतो, साहेब," करुणाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी शद्रककडे अशा नजरेने पाहिलं की त्याचे कान तापले. "लिलाव तेवढा होऊ दे," त्या त्याला हळूच म्हणाल्या. "मग सांगते."

लिलावात गिटारचं काही काम नव्हतं. करुणाबाईंनी निश्चिंतपणे पेटी बंद केली.

बोली पुकारायला दावीदराव उभे राहिले. वस्तू उचलून दाखवायला शद्रक. त्याने पहिला भोपळा दोन्ही हातांनी घट्ट धरला, उंच केला, आणि ज्याने घेतला त्याच्या मांडीवर टेकेपर्यंत सोडला नाही. कोंबड्या तशाच दिल्या, अंडी तशीच दिली. एकही अंडं फुटलं नाही. बाजरी गेली, ऊस गेला, करडू गेलं.

"संपलं का रे?" दावीदरावांनी विचारलं.

शद्रकने वळून पाहिलं. वेदीपुढे अजून तिघं होते.

त्याने मनाशी विचार केला. मंडळीचेच आहेत. वेदीपुढेच ठेवलेत. आणि वाडीवाल्यांकडे वाजवणारं कोणीच नाही, म्हणजे गरज त्यांना जास्त. तो रूबेनपाशी गेला, त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि उंच केलं.

मग बिशपसाहेब हसले. त्यांना वाटलं, मंडळीने गंमत बसवली आहे. बिशपसाहेब हसले म्हणून दावीदराव हसले, आणि दावीदराव हसले म्हणून कोणी थांबवलं नाही.

वाडीचा म्हातारा मात्र हसला नाही. "पैसे संपलेत आमचे," तो म्हणाला. "एक शेळी देतो."

"एक शेळी?" रूबेन म्हणाला.

"गाभण आहे."

रूबेनच्या आईकडे सगळ्यांनी पाहिलं. "न्या," ती म्हणाली. "घरात जरा शांतता होईल."

मग सर. म्हाताऱ्याने दोन पोती बाजरी म्हटलं. लीलाबाई बाकावरून म्हणाल्या, "दोन कशाला, एकच पुरे." सर गेले.

सुवार्तासाठी दोन-चार जणांनी हात वर केला. करुणाबाई तर उभ्याच राहिल्या होत्या, पण तेवढ्यात वाडीच्या बायकांनी लिलावात घेतलेल्या आपल्या सगळ्या कोंबड्या परत टोपलीत घातल्या. सुवार्ताही गेली. शद्रकने एकेकाला धरून टेम्पोपर्यंत नेलं, फळीवर नीट बसवलं, आणि मगच सोडलं.

तो परत आत आला. वेदीपुढची जागा झाडून काढल्यासारखी मोकळी होती. त्या मोकळ्या जागेकडे बघताना त्याच्या लक्षात आलं. तिघंही गेले. आता सांभाळायचं कोणाला?

त्याने करुणाबाईंकडे पाहिलं. करुणाबाई दोन्ही हातांनी डोकं धरून बसल्या होत्या.

दिलेलं परत मागायचं कसं? ते तर जागेवर पोचलं होतं. मग शद्रक वेदीपुढे जाऊन उभा राहिला, उजव्या हाताने स्वतःचं डावं मनगट घट्ट धरलं, आणि उंच केलं.

"हा एक राहिलाय," तो दावीदरावांना म्हणाला.

दावीदरावांना काय पुकारावं कळेना. "कशाच्या कामाचा म्हणून सांगू?"

"गिटारवाले सांभाळतो."

वाडीच्या म्हाताऱ्याने आपल्या माणसांशी कुजबुज केली. "पोतं एकच गेलंय," तो म्हणाला, "उरलेलं ह्याच्यावर लावतो."

"मी घेतलेला भोपळा देते," करुणाबाई एकदम म्हणाल्या. का म्हणाल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पण बिशपसाहेब खुर्चीवरून उठले होते. आता ते हसत नव्हते. "इतके सण पाहिले मी," ते म्हणाले. "लोकांनी भोपळे दिले, कोंबड्या दिल्या. स्वतःला वेदीपुढे कोणी उभं केलं नव्हतं." त्यांनी खांद्यावरची शाल काढून दावीदरावांच्या हातात दिली. "ही माझी बोली. शहरात आमच्या मोठ्या चर्चमध्ये गिटारवाले डझनभर आहेत, आणि एकमेकांशी बोलत नाहीत."

शालीच्या वर कोणाची बोली जाईना.

"साहेब," करुणाबाई पुढे आल्या, "जरा ऐका. हा माणूस म्हणजे..."

"तुम्हाला सोडवत नाही, ते मला दिसतंय, बाई," बिशपसाहेब म्हणाले.

थोडं तसंही होतं.

शद्रकने आपलं मनगट सोडलं आणि बिशपसाहेबांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. ज्याची वस्तू त्याच्या हाती दिली होती. आता जागेवर पोचेपर्यंत सोडायची नव्हती.

शेवटी आशीर्वाद द्यायची वेळ आली. बिशपसाहेबांनी उजवा हात वर केला. त्याबरोबर शद्रकचेही दोन्ही हात वर गेले. मंडळीने डोकी खाली घातली आणि दोघांचा आशीर्वाद घेतला. जेवताना बिशपसाहेब डाव्या हाताने जेवले. निरोप घेताना लोकांनी डाव्या हाताशी हस्तांदोलन केलं. वाडीच्या लोकांनी तिघा गिटारवाल्यांना आपल्या चर्चमध्ये नेऊन मन भरेपर्यंत ऐकलं आणि दिवेलागणीला परत आणून सोडलं. सरांची काही घाई नाही, असा लीलाबाईंचा निरोप होता.

तोवर बिशपसाहेबांची जीप शहरात पोचली होती. ड्रायव्हरने दार उघडलं, तेव्हा दोघांना एकाच बाजूने उतरावं लागलं. बिशपसाहेबांच्या हाताला मुंग्या आल्या होत्या.

"आता तरी सोड, बाबा," ते म्हणाले.

"सोडतो, साहेब," शद्रक म्हणाला. "आधी माझी जागा दाखवा."